स्पाइक आणि बफी : पायरी ओळखून केलेलं प्रेम (सगळ्या सीझनचे स्पॉयलर आहेत, नंतर बोंब मारू नये)

निशाचरी

दर दोन-तीन महिन्यांनी कुठल्यातरी धाग्यावर व्हॅम्पायर प्रेमकथांचा विषय निघतोच, आणि एडवर्ड-बेला ('ट्वायलाइट') झाले, डेमन-एलेना ('व्हॅम्पायर डायरीज') झाले की गाडी स्पाइक-बफीवर येऊन अडकते, मग मूळ धागा राहतो बाजूला आणि आपलीच हाणामारी सुरू. काल सिनेमाच्या धाग्यावर परत तेच झालं, म्हणून म्हटलं वेगळाच काढूया.

ज्यांनी 'बफी द व्हॅम्पायर स्लेयर' बघितलेली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. १९९७ ते २००३, सात सीझन, १४४ एपिसोड. कॅलिफोर्नियातलं सनीडेल नावाचं काल्पनिक गाव, शाळेच्या खाली नरकाचं तोंड, आणि व्हॅम्पायर मारायचं काम नशिबी आलेली एक मुलगी, म्हणजे स्लेयर. तिचं पहिलं प्रेम एंजल, तो आत्मा असलेला व्हॅम्पायर (बाकीच्यांना आत्मा नसतो). स्पाइक दुसऱ्या सीझनच्या तिसऱ्या एपिसोडमध्ये येतो तो गावाच्या वेशीवरचा 'सनीडेलमध्ये स्वागत आहे' हा बोर्ड गाडीखाली घालत. पांढरे केस, काळा लेदरचा कोट, सोबत त्याची प्रेयसी ड्रुसिला. मुळात त्याला त्याच सीझनमध्ये मारून टाकायचा बेत होता, पण लोकांनी उचलून धरला आणि चौथ्या सीझनपासून तो मुख्य कास्टमध्येच आला.

आता मुद्दा. सगळे म्हणतात की ही 'बॅड बॉय प्रेमात सुधारला' टाइप स्टोरी आहे. मला हे कधीच पटलेलं नाही, कारण स्पाइक मुळात बॅड बॉय नाहीच, तो १८८० सालच्या लंडनमधला विल्यम आहे, आईवेडा, चष्मिष्ट, भिकार कविता करणारा. पार्टीत लोक त्याच्या कवितेची टर उडवतात आणि ज्या सेसिलीसाठी ती लिहिलीय ती त्याला तोंडावर सांगते की तू माझ्या पायरीचा नाहीस. तो रडत रडत बाहेर पडतो आणि त्याच रात्री ड्रुसिलाला सापडतो, ती त्याला व्हॅम्पायर करते. पुढची १२० वर्षं तो जे काही करतो, तो उसना कॉकनी टोन, तो कोट, ते 'मी दोन स्लेयर मारल्यात' म्हणून मिरवणं, ते सगळं त्या एका वाक्याला दिलेलं उत्तर आहे.

आणि मग 'फूल फॉर लव्ह'मध्ये (पाचवा सीझन, नोव्हेंबर २०००) बफी त्याला ढकलून खाली पाडते, नेमकं तेच वाक्य बोलते आणि नोटा त्याच्या अंगावर फेकून निघून जाते. तिला सेसिलीचं काहीही माहीत नाही. तो जमिनीवर गुडघे टेकून रडत रडत त्या नोटा गोळा करतो. मग घरी जाऊन बंदूक घेतो आणि तिला मारायला तिच्या घरी जातो. ती मागच्या दारी पायरीवर बसून रडतेय, आईला तपासण्यांसाठी हॉस्पिटलात ठेवणार आहेत हे नुकतंच कळलंय तिला. तो विचारतो काय झालं. ती म्हणते मला बोलायचं नाहीये. तो विचारतो मी काही करू शकतो का. आणि मग बंदूक बाजूला ठेवून शेजारी त्याच पायरीवर बसतो आणि तिच्या पाठीवर हात ठेवतो, म्हणजे थोपटतो, अगदी अवघडून, ज्याला थोपटायची सवयच राहिलेली नाही असा माणूस थोपटेल तसा. कोणी काही बोलत नाही. एपिसोड संपतो.

माझ्या मते पूर्ण जोडी त्या पायरीवर आहे. तुम्ही परत बघाल तेव्हा लक्ष ठेवा, या दोघांचे महत्त्वाचे सगळे सीन कोण वर, कोण खाली आणि कधी दोघं एका पातळीवर यावर रचलेत. 'द गिफ्ट'मध्ये ती जिन्यावर वर आणि तो खाली उभा राहून म्हणतो की तू माझ्यावर कधी प्रेम करणार नाहीस हे मला माहितेय, मी राक्षस आहे हेही माहितेय, पण तू मला माणसासारखं वागवतेस. 'आफ्टरलाइफ'मध्ये ती मेलेली परत येते आणि जिना उतरून खाली येते, तो खाली. सहाव्या सीझनमध्ये ती स्वतःच त्याच्या थडग्यात उतरते. सातव्यात तो शाळेच्या तळघरात वेडा होऊन पडलाय. आणि शेवटी तो खाली राहतो, ती जिना चढून वर जाते.

तर हाणा.

चहाबाज

रुमाल टाकून ठेवतोय. रात्री निवांत येतो. (पॉपकॉर्न फ्री आहेत का?)

अटलांटिकपार

निशाचरी, लेख आवडला. मी तेव्हा नुकतीच लग्न होऊन न्यू जर्सीत आले होते, मंगळवारी रात्री ८ ला हे लागायचं आणि नवऱ्याला ऑफिसमधून यायला नऊ वाजायचे त्यामुळे तो तास माझा एकटीचा. त्या वेळी फॅन लोकांच्यात काय युद्धं व्हायची हे आत्ताच्या मुलांना सांगून पटणार नाही. एंजलवाल्या आणि स्पाइकवाल्या एकमेकींशी बोलायच्या नाहीत. आणि दोन्हीकडच्या हुशार बायका पानंच्या पानं लिहायच्या.

पायऱ्यांचं जिन्याचं तुझं निरीक्षण फारच मस्त. त्यात एक भर घालते, उंबरठ्याची. व्हॅम्पायरला बोलावल्याशिवाय घरात येता येत नाही हा नियम सगळ्यांना माहीत आहेच. 'क्रश'मध्ये तो तिला साखळ्यांनी बांधून प्रेम व्यक्त करतो (किती हा रोमॅंटिकपणा) आणि त्यानंतर ती घरी जाते, तो मागून बडबड करत येतो आणि दारात अदृश्य भिंतीवर आपटतो. आमंत्रण रद्द केलेलं असतं तिने. तोंडातून एक शब्द न बोलता. त्याचा चेहरा बघा तिथे. आणि 'द गिफ्ट'मध्ये तू म्हणतेस तो जिन्याचा सीन, त्याच्या आधी ते शस्त्रं घ्यायला घरी येतात, तो सवयीने दाराबाहेरच थांबतो, तू वस्तू बाहेर दे म्हणतो, आणि ती साध्या आवाजात म्हणते, ये आत. बस. मला तर आय लव्ह यूपेक्षा तेच मोठं वाटतं.

कडूकारलं

आलं, परत आलं, स्पाइकपुराण.

बायांनो (आणि चहाबाज), तुम्ही पायऱ्या मोजा, मी बाकीचं मोजते. हा माणूस तिच्या घरासमोर झाडाखाली सिगरेटी फुंकत उभा राहतो. तिचे कपडे चोरतो. थडग्यात पुतळ्याला तिच्यासारखं सजवून ठेवतो. तिच्यासारखा दिसणारा रोबो बनवून घेतो, हो, रोबो, आणि त्याचं काय करतो ते इथे लिहायला नको. आणि मग सहाव्या सीझनमध्ये 'सीइंग रेड', मे २००२, बाथरूम, जिथे तो तिच्यावर जबरदस्ती करायला जातो. तो सीन विसरून 'पाठीवर हात ठेवला हो' म्हणून उमाळे काढायचे असतील तर काढा.

एडवर्ड बेलाच्या खोलीत रात्रभर उभा राहून तिला झोपलेली बघतो तेव्हा याच धाग्यावरचे लोक 'ई स्टॉकर' म्हणतात. याने केलं की 'बिचारा'. फरक काय तर याची जीवणी चांगली आहे.

बोरिवलीस्लो

जीवणी आणि गालाची हाडं. दोन्ही मुद्दे आहेत. दिवे घ्या हो काकू.

निशाचरी

@कडूकारलं, नाही, तो सीन विसरून बोलता येत नाहीच, आणि मी विसरलेली पण नाही. पण मला वाटतं मालिका पण विसरत नाही, आणि इथेच एडवर्डचा आणि याचा फरक आहे. एडवर्डचं खोलीत उभं राहणं त्या पुस्तकात प्रेमाचा पुरावा म्हणून येतं, बेलाला ते कळतं तेव्हा ती लाजते, सुखावते. बफी सिगरेटची थोटकं बघते तेव्हा तिला किळस येते. रोबो कळतो तेव्हा किळस येते. मालिका तिच्या बाजूने उभी राहते, आपल्याला स्पाइकची दया आली तरी कॅमेरा तिला चूक ठरवत नाही. म्हणजे आपण फॅन लोक काय करतो ते सोडा, लिहिणाऱ्यांनी काही लपवलेलं नाही.

आणि त्या रोबोच्याच एपिसोडमध्ये ('इंटरव्हेन्शन') ग्लोरी (त्या सीझनची खलनायिका) त्याला इतकं फोडून काढते की चेहरा ओळखू येत नाही, पण बफीच्या बहिणीचं, डॉनचं नाव तो सांगत नाही. बफी रोबो बनून त्याच्याकडे जाते, का सांगितलं नाहीस विचारते, तो म्हणतो डॉनला काही झालं असतं तर बफी मोडून पडली असती, ते मला बघवलं नसतं. इथे त्याला मिळायचं काहीच नव्हतं, तो रोबोशी बोलतोय असं समजतोय, इम्प्रेस करायला समोर कोणीच नाहीये. त्याच एपिसोडमध्ये सगळ्यात घाण गोष्ट आणि सगळ्यात चांगली गोष्ट. म्हणून तर तो विषय संपत नाही आपला.

तळ्यातमळ्यात

मी नवीन आहे इथे, वय २२, व्हॅम्पायर डायरीज बघून मोठी झालेली पिढी 😅 बफी मागच्या वर्षी पूर्ण केली. मला एक विचारायचं होतं की डेमन-एलेनाचं पॅटर्न पण सेमच आहे ना? चांगला भाऊ स्टेफन म्हणजे एंजल, वाईट भाऊ डेमन म्हणजे स्पाइक, मुलगी आधी चांगल्याबरोबर मग वाईटाबरोबर. मला डेलेना खूपच आवडायचे पण बफी बघितल्यावर डेमन जरा पातळ वाटायला लागला, का ते नीट सांगता येत नाहीये, कोणी सांगेल का?

अटलांटिकपार

@तळ्यातमळ्यात, स्वागत! पॅटर्न सेम आहेच, त्या मालिकेची मूळ पुस्तकं १९९१ पासूनची, म्हणजे बफीच्या आधीची, त्यामुळे कोणी कोणाचं उचललं यात पडायला नको. पण मला दिसतो तो फरक असा की डेमन देखणा, श्रीमंत, घरंदाज, आणि त्याला ते माहीत आहे. त्याने चांगलं वागायचं ठरवलं की झालं, एलेनाच्या आजूबाजूचे लोक थोडे कुरकुरतात आणि पुढे जातात. स्पाइकला कोणी खोलीत धरतच नाही. बफीची आई वारल्यावर ('फॉरएव्हर') तो फुलं घेऊन येतो, बफीचा मित्र झॅंडर त्याला दारातच हाकलतो, बफीला खूश करायला आलास म्हणतो. स्पाइक म्हणतो ती बाई मला आवडायची, ती एकटीच माझ्याशी नीट वागली. आणि फुलं तिथेच टाकून निघून जातो. तिची मैत्रीण विलो ती उचलते आणि म्हणते, यावर कार्ड नाहीये.

कार्ड नाही म्हणजे नाव लिहिलेलं नाही, म्हणजे बफीला कळावं म्हणून आणलेली नव्हतीच. डेमनने कार्ड लिहिलं असतं 😀

घुबड

जॉइस (बफीची आई) आणि स्पाइक ही खरी जोडी आहे असं माझं प्रामाणिक मत आहे. पहिल्या भेटीत तिने याच्या डोक्यात कुऱ्हाड घातली. पुढे दुसऱ्या सीझनच्या शेवटी दोघं दिवाणखान्यात एकमेकांसमोर बसलेत, काय बोलावं कळत नाहीये, आणि ती विचारते आपण कुठे भेटलोय का, तो म्हणतो हो, तुम्ही मला कुऱ्हाड मारली होती. तिसऱ्या सीझनमध्ये तो ड्रुसिलाने सोडलं म्हणून दारू पिऊन येतो आणि हिच्या स्वयंपाकघरात बसून रडतो, हॉट चॉकलेट पितो आणि विचारतो ते छोटे मार्शमॅलो आहेत का. दोन स्लेयर मारलेला माणूस. मार्शमॅलो.

त्याच एपिसोडमध्ये ('लव्हर्स वॉक') तो एंजल आणि बफीला सुनावतो की तुम्ही कधीच मित्र होऊ शकणार नाही, प्रेम डोक्यात नसतं, रक्तात असतं. दोघं गप्प. ज्या गोष्टी तिचे मित्र बोलायला घाबरतात त्या हा तोंडावर बोलतो. तेव्हा तर शत्रू होता.

चहाबाज

आलो. सगळं वाचलं. माझी बाजू जरा वेगळी आहे म्हणून लांबण लावतो, झेपलं तर वाचा.

तुम्ही सगळे स्पाइकबद्दल बोलताय. प्रत्येक वेळी हेच होतं. स्पाइकला काय वाटलं, स्पाइक किती बदलला, स्पाइकचा अपमान, स्पाइकचा कोट. पण या जोडीतली जास्त अवघड व्यक्तिरेखा बफी आहे आणि सहावा सीझन समजून घ्यायचा तर तिच्याकडून बघावा लागतो. ती मेली होती. स्वर्गात होती, शांत होती, संपलं होतं सगळं. मित्रांनी जादू करून ओढून परत आणलं, आणि ते पण पुरलेल्या शवपेटीत, तिने स्वतःच्या हाताने माती उकरत बाहेर यायचं. घरी आल्यावर सगळे मिठ्या मारतायत, खूश आहेत, आम्ही तुला नरकातून सोडवलं म्हणून. आणि स्पाइक जिन्याखाली उभा, तो फक्त तिच्या हातांकडे बघतो आणि त्याला कळतं, कारण थडग्यातून उकरून बाहेर येणं काय असतं हे त्या घरात त्या एकट्याला माहीत आहे. ती विचारते मी किती दिवस नव्हते. तो म्हणतो काल १४७ दिवस झाले, आज १४८वा, पण आजचा धरायचा नाही ना. माणूस दिवस मोजत बसलाय आणि मोजतोय हे सांगायची पण लाज वाटत नाहीये त्याला.

आणि एपिसोडच्या शेवटी ती दुकानाच्या मागच्या गल्लीत, ऊन असल्यामुळे तो सावलीत कोपऱ्यात बसलेला, त्याच्याकडे जाऊन सांगते की मी स्वर्गात होते आणि मित्रांना हे कधीही कळता कामा नये. त्याला का सांगते? प्रेम म्हणून नाही. मेलेल्या माणसाला सांगितलं तर चालतं म्हणून. ज्याचं मत आपण धरतच नाही त्याच्यासमोर रडता येतं. हा अपमानच आहे एक प्रकारचा, आणि जवळीक पण तीच आहे, आणि पुढच्या सगळ्या राड्याची सुरुवात इथे आहे. तिला एक जागा हवी होती जिथे नाटक करावं लागणार नाही. त्याला वाटलं ती जागा म्हणजे मी.

कडूकारलं

चहाबाज, हे मात्र चांगलं लिहिलंयस. अनुमोदन. आणि पुढचं मीच लिहिते कारण तुम्ही गोड करून लिहाल.

त्या सीझनमध्ये ती पण त्याला वापरते, मारते, लपवते, दिवसा ओळख दाखवत नाही. 'डेड थिंग्ज'मध्ये पोलीस स्टेशनच्या मागच्या गल्लीत ती त्याला मारते, तो उलट हात उचलत नाही, घाल सगळं माझ्यावर म्हणतो, आणि ती मारता मारता ओरडते तुझ्यात काही चांगलं नाही, तू आतून मेलेला आहेस, तुला काही खरं जाणवतच नाही. हे ती कोणाला म्हणतेय ते शेंबड्या पोराला पण कळतं. चेहरा सुजवून त्याला तिथेच टाकून जाते. बाईने मारलं म्हणून ते कमी होत नाही.

म्हणून मी कायम म्हणते की ते प्रेमाचं नातं नव्हतंच, दोन माणसं एकमेकांचा वापर करत होती, एकाला ते माहीत होतं आणि दुसऱ्याला मान्य नव्हतं. तिला कळलं तेव्हा ती थांबली, 'ॲज यू वेअर'मध्ये, त्याला विल्यम म्हणून हाक मारून सांगितलं की मी तुला वापरतेय आणि त्याने मीच मरतेय. नाही म्हणाली. स्पष्ट. आणि त्यानंतर बाथरूम. तिच्या आधीच्या नकारांना स्पाइक नकार समजत नव्हता, कारण अर्धा सीझन नाही-नाही म्हणत हो झालेलं त्याने बघितलेलं, हे कारण समजतं मला. कारण समजलं म्हणून माफी नाही मिळत.

अटलांटिकपार

तो एपिसोड लागला तेव्हा मी टीव्ही बंद केला होता मध्येच. जेम्स मार्स्टर्सने (स्पाइकचं काम करणारा) स्वतः नंतर अनेक मुलाखतींमध्ये सांगितलंय की तो सीन करणं हा त्याच्या कामातला सगळ्यात वाईट दिवस होता. पडद्यामागचं तर आता काय बोलायचं, २०२१ मध्ये मालिकेतल्या करिष्मा कार्पेंटरने मालिकेचा कर्ता जॉस व्हीडनच्या वाईट वागणुकीबद्दल जाहीर लिहिलं त्यानंतर मला जुने एपिसोड बघताना मध्येमध्ये अडखळायला होतं.

पण निशाचरीच्या जिन्याला एक जोड देते, मला आत्ता आठवलं. त्या रात्री स्पाइक पळून जातो तेव्हा त्याचा कोट बफीच्या घरी जिन्याच्या कठड्यावर राहतो. झॅंडर येतो तेव्हा त्याला तोच दिसतो आधी. १९७७ पासून अंगावर असलेला कोट तिथे सोडून तो गेला, आणि जाऊन आफ्रिकेत त्या गुहेत आत्मा मागून घेतला.

निशाचरी

हो!!! कोट!! हे कसं राहिलं माझ्याकडून.

आणि इथेच एंजलवाल्यांशी माझं भांडण. एंजलचा आत्मा हा शाप आहे, १८९८ मध्ये त्याने एका रोमानी मुलीला मारलं म्हणून तिच्या लोकांनी शिक्षा म्हणून घातलेला, आणि खऱ्या सुखाचा एक क्षण आला की तो परत जातो. म्हणजे बफीबरोबर सुखी झाला की राक्षस. स्पाइकने मार खात, परीक्षा देत स्वतः जाऊन मिळवला. त्याला कोणी सांगितलं नव्हतं, आणि आत्मा नसताना ते सुचणं हेच तर मोठं आहे, नाही का?

घुबड

मी एंजलवाला, म्हणून हात वर करतो. शिक्षा म्हणून मिळालेला आत्मा घेऊन शंभर वर्षं जगणं आणि तरी रोज उठून चांगलं वागायचं ठरवणं हे कमी का? तुम्ही लोक स्पाइकला मागितल्याचे मार्क देता आणि एंजलला निभावल्याचे देत नाही. शिवाय एंजल गेला, सोडून गेला, तिचं भलं व्हावं म्हणून. स्पाइकला जा म्हटलं तरी जात नाही.

निशाचरी

'तुझं भलं कशात आहे ते मी ठरवणार' हाच तर एंजलचा प्रॉब्लेम आहे. तिला विचारलं का त्याने? प्रॉमच्या तोंडावर गटारात उभं राहून ब्रेकअप.

बोरिवलीस्लो

गटारातला ब्रेकअप आणि थडग्यातलं अफेअर. सनीडेलमध्ये एक बरं कॅफे नव्हतं का.

कडूकारलं

विषय बदलू नका. आत्मा मिळवला, ठीक. मग कोटाचं पुढचं कोण सांगणार? तो कोट कोणाचा आहे? १९७७ मध्ये न्यूयॉर्कच्या सबवेत त्याने निकी वूड या काळ्या स्लेयरला मारलं आणि तिच्या अंगावरून काढून घेतला. तिचा चार वर्षांचा मुलगा होता. सातव्या सीझनमध्ये तोच मुलगा, रॉबिन वूड, शाळेचा प्रिन्सिपल म्हणून समोर येतो, आणि आत्मा असलेला, पश्चात्तापाने वेडा झालेला तुमचा स्पाइक त्याच्यासमोर त्याच्या आईचा कोट घालून फिरतो. त्याला सुनावतो पण की मला सॉरी वगैरे काही वाटत नाही, तुझ्या आईचं तुझ्यावर प्रेम कमी होतं. आणि बफी कोणाची बाजू घेते? स्पाइकची. लढाईला तो हवाय म्हणून. पायरीच्या गोष्टी करता ना, त्या मुलाला कुठल्या पायरीवर बसवलं ते पण सांगा.

तळ्यातमळ्यात

बापरे, हा अँगल माझ्या डोक्यातच आला नव्हता. मला तो एपिसोड बघताना वूडचाच राग आला होता कारण त्याने स्पाइकला फसवून नेलं. आता परत बघावा लागेल.

चहाबाज

कडूकारल्याचा हा मुद्दा बिनतोड आहे आणि यावर स्पाइकवाल्यांकडे उत्तर नाही, मी पण स्पाइकवालाच. लेखकांना कोट हवा होता कारण कोटाशिवाय तो स्पाइक दिसत नाही, आणि दिसण्यापायी त्यांनी निकीला वाऱ्यावर सोडलं. पहिले काही एपिसोड तो निळ्या शर्टात फिरतो तेव्हा त्याची जी अवस्था आहे ना ती जास्त खरी आहे. 'बिनीथ यू'चा शेवट, चर्च, तो बफीला कोड्यात बोलत सांगतो की मी आत्मा घेऊन आलो, तिला हळूहळू कळतं, आणि तो जाऊन क्रॉसला मिठी मारतो, अंगातून धूर निघतोय, आणि विचारतो आता आपल्याला विश्रांती मिळेल का. ती रडतेय पण जवळ जात नाही. धावत जाऊन त्याला ओढत नाही. ही बाई काय सोसून आलीय हे लक्षात ठेवून लिहिलेला सीन आहे तो.

अटलांटिकपार

आणि त्याच्यानंतर पूर्ण सीझनमध्ये त्यांच्यात शरीरसंबंध येत नाही हेही लक्षात घ्या (निदान पडद्यावर स्पष्ट काही नाही, शेवटच्या रात्रीबद्दल ज्याने त्याने काय समजायचं ते समजावं). 'टच्ड'मध्ये सगळ्यांनी तिला तिच्याच घरातून बाहेर काढलंय, ती कुठल्यातरी सोडून दिलेल्या घरात पडलीय, आणि हा शोधत येतो. ती म्हणते मला एकटीला सोड. तो तिच्यासमोर खाली गुडघ्यावर बसतो आणि म्हणतो मला तुझ्याकडून काही नको, मी तुझी चांगली बाजू पण बघितलीय आणि वाईट पण, नीट बघितलीय. मग ती म्हणते इथेच थांब, मला धरून झोप. आणि रात्रभर फक्त तेवढंच. पुढच्या एपिसोडमध्ये तो तिला सांगतो की माझ्या आयुष्यातली ती सगळ्यात चांगली रात्र होती, आणि सांगताना त्याची जाम तंतरलेली असते. शंभराहून जास्त वर्षं जगलेला माणूस हं.

बोरिवलीस्लो

अवांतर: मार्स्टर्स कॅलिफोर्नियाचा, तो लंडनचा टोन पूर्ण खोटा आहे, आणि जाइल्सचं (बफीचा मार्गदर्शक) काम करणारा अँथनी हेड त्याला उच्चार शिकवायचा, ज्याचा स्वतःचा बोलायचा टोन जाइल्सपेक्षा स्पाइकच्या जवळचा होता म्हणे. म्हणजे विल्यम पण नकली कॉकनी बोलतो आणि नट पण. चालू द्या.

तळ्यातमळ्यात

मग शेवटाबद्दल सांगा ना, मला तेच विचारायचं होतं खरं. 'चोझन'मध्ये (शेवटचा एपिसोड) ती म्हणते आय लव्ह यू आणि तो म्हणतो नाही, तुझं नाहीये, पण म्हणालीस त्याबद्दल थॅंक्स. तिचं खरंच होतं की नव्हतं??

निशाचरी

यावर लोकांची लग्नं मोडलीत, जपून.

माझं मत: होतं. ती खोटं बोलून कोणाला बरं वाटावं असं करणाऱ्यातली नाहीच, मधल्या काळातला बॉयफ्रेंड रायली, त्याला पण ती कधी म्हणाली नाही आणि त्यात तो सोडून गेला. ती हे वाक्य सहजासहजी देत नाही. दोघांचे हात एकत्र आहेत, त्याच्या गळ्यातल्या ताईतामुळे दोन्ही हातांना ज्वाळा लागल्यात, वरून गाव कोसळतंय, आणि तो नाही म्हणतो कारण हो म्हटलं तर ती थांबली असती. ती जिना चढून पळाली पाहिजे. म्हणून.

घुबड

माझं मत: नव्हतं, आणि त्याला ते बरोबर कळलेलं. निदान त्याला हवं होतं तसं नव्हतं. तिला त्याच्याबद्दल प्रचंड काहीतरी वाटत होतं, विश्वास, कृतज्ञता, मित्र म्हणून माया, त्या क्षणी ते सगळं एकाच शब्दात आलं. आणि तो पहिल्यांदा आयुष्यात हव्या असलेल्या गोष्टीच्या मागे धावला नाही. तिने दिलेलं परत तिच्या हातात ठेवलं. एंजलवाला असून सांगतो, तिथे मी रडलो.

चहाबाज

दोघांची मतं ऐकून सांगतो की नाही म्हणायचा हक्क पहिल्यांदा त्याच्याकडे आलाय एवढंच मला दिसतं. सात सीझन त्याला सगळे नाही म्हणत आले, सेसिली, ड्रुसिला, बफी. सहाव्या सीझनमध्ये तिने नाही म्हटलेलं त्याने ऐकलं नाही आणि काय झालं ते वर आलंच आहे. इथे ती हो म्हणतेय तेव्हा तो सांगतो हे तुझ्याकडून घेणार नाही. मग तिच्या मनात खरं काय होतं ते मला माहीत असायची गरज वाटत नाही.

शिवाय पुढे तो 'एंजल'च्या (एंजलची वेगळी मालिका) पाचव्या सीझनमध्ये जिवंत (म्हणजे त्याच्या अर्थाने) परत येतो, सशरीर होतो, आणि तरी तिच्याकडे जात नाही. एवढं झोकात मेल्यावर परत तोंड कसं दाखवू असं काहीतरी कारण देतो. गंमत वाटते पण मला ते कारण पटत नाही त्याच्या तोंडी, मला वाटतं त्याला परत उंबरठ्यावर उभं राहून आत बोलावतेय का याची वाट बघायची नव्हती.

अटलांटिकपार

आणि मग तो आणि एंजल दोघं रोमला जाऊन तिच्या मागे मागे फिरतात आणि ती भलत्याबरोबरच नाचतेय, तो एपिसोड धरायचा की नाही? 😀 मी धरत नाही.

बोरिवलीस्लो

मी फक्त तोच धरतो. दोघांच्या नाकावर टिच्चून मजेत जगतेय ती.

कडूकारलं

बोरिवलीशी आयुष्यात पहिल्यांदा सहमत. पण निकीच्या कोटावर अजून एकानेही उत्तर दिलेलं नाही. मी थांबलेय, सावकाश लिहा.